विश्लेषण : दोन संदेश हवेत एकमेकांवर आदळले तर? मार्कोनीला आयुष्यभर पुरलेला प्रश्न आणि खडकी-दौंडचा तोडगा

सातपाटी, दांडी, डहाणूहून समुद्रात जाणाऱ्या अनेक बोटींवर व्हीएचएफ वायरलेस सेट असतो. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे, हा त्याचा नियम तांडेलाला पाठ असतो. दोन बोटींवर एकाच चॅनलवर एकाच क्षणी बटण दाबले गेले, तर तिसऱ्या बोटीवर ज्याचा सिग्नल जोरदार त्याचेच बोलणे येते, दुसऱ्याचे गडप होते. दोघे तुल्यबळ असतील तर नुसती खरखर. ज्याचे बोलणे वाया गेले त्याला मात्र याचा पत्ताही नसतो, कारण बटण दाबलेले असताना त्याचा स्वतःचा सेट बहिरा असतो.

बोईसरच्या एखाद्या दाट वस्तीतल्या इमारतीत रात्री नऊच्या सुमारास वायफाय मंदावते, तेव्हाही आत हेच चाललेले असते. घराघरांत राउटर, प्रत्येकाला बोलायची घाई आणि हवा मात्र सगळ्यांची एकच. पालघर किंवा बोईसर स्थानकात लोकल थांबते आणि शेकडो मोबाइल एकाच टॉवरकडे धाव घेतात, तेव्हाही तेच.

संदेशांची ही टक्कर वायरलेस इतकीच जुनी आहे. तारेवर टक्कर ओळखणे सोपे असते, हवेत ते जवळजवळ अशक्य. ज्या माणसाने वायरलेसला प्रयोगशाळेतून बाजारात आणले, त्या गुग्लिएल्मो मार्कोनीला हा प्रश्न पहिल्या यशापासून शेवटपर्यंत पुरला. त्याची कंपनी यावर वाढली, यावरच बदनामही झाली. आणि त्यावरच्या एका मोठ्या तोडग्याचा एक खांब महाराष्ट्रात उभा राहिला, पुण्याजवळच्या खडकीत आणि तिथून दूरच्या दौंडला.

माळ्यावरचा मुलगा

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे सधन जमीनदार. आई अॅनी जेमिसन आयर्लंडची, व्हिस्कीच्या व्यवसायातल्या प्रसिद्ध जेमिसन घराण्यातली. मुलगा शाळेत फार चमकला नाही, विद्यापीठात त्याला रीतसर प्रवेशही मिळाला नाही. पण घराजवळ राहणारे प्राध्यापक ऑगुस्तो रिगी त्याला आपली प्रयोगशाळा आणि पुस्तके वापरू देत.

विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ १८९४ च्या आरंभी वारले. त्यांच्यावर रिगींनी लिहिलेला लेख वाचून मार्कोनीच्या डोक्यात या लहरींनी संदेश पाठवण्याची कल्पना शिरली, असे सांगितले जाते. पोंतेक्कियो गावातल्या व्हिला ग्रिफोने या घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग सुरू केले. १८९५ मध्ये त्याचा सिग्नल टेकडी ओलांडून पलीकडे पोहोचला. पोहोचल्याची खूण म्हणून भाऊ आल्फोन्सोने पलीकडून बंदुकीचा बार काढला. पावती बंदुकीने का? कारण उलट दिशेला पाठवायला दुसरे यंत्रच नव्हते. पाठवलेले पोहोचले की नाही हे पाठवणाऱ्याला आपोआप कळत नाही, ही वायरलेसची अडचण पहिल्याच दिवशी दिसली होती.

१८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली. तिथे टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांचा पाठिंबा मिळाला. जूनमध्ये पेटंटचा अर्ज झाला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवरून संदेश गेला आणि त्याच वर्षी कंपनी स्थापन झाली. मार्कोनी तेव्हा २३ वर्षांचा होता.

या यंत्राचे दोन भाग समजून घेतले तर पुढची सारी भांडणे कळतात. पाठवणाऱ्या बाजूला ठिणगी. ती फटाक्यासारखी असते, म्हणजे एका सुरात वाजत नाही, सगळ्या सुरांत एकदम धडाका करते. ऐकणाऱ्या बाजूला कोहेरर, म्हणजे धातूचा कीस भरलेली काचेची नळी. लहर आली की कीस चिकटतो, वीज वाहते आणि कागदावर खूण उमटते. लहर कोणाची, हे त्या नळीला कळत नाही. शेजारच्या स्टेशनाची ठिणगी, शत्रूची ठिणगी, आकाशातली वीज, सगळे तिला सारखेच.

एक स्टेशन बोलत असताना हे खपून जात होते. दोन बोलू लागली आणि पंचाईत झाली.

अमेरिकी नौदलाने विचारलेला अवघड प्रश्न

१८९९ च्या शरद ऋतूत मार्कोनी अमेरिकेस कप या नौकाशर्यतीच्या बातम्या वायरलेसने देण्यासाठी न्यूयॉर्कला गेला. बातम्या वेळेवर पोहोचल्या, वर्तमानपत्र खूश झाले. त्यानंतर अमेरिकी नौदलाने त्याची यंत्रे न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स या युद्धनौकांवर बसवून चाचणी घेतली. अंतर चांगले गाठले. मग अधिकाऱ्यांनी दोन स्टेशनांना एकदम पाठवायला सांगितले. तिसऱ्याकडे कागदावर उमटली ती निरर्थक खिचडी. यावर उपाय आपल्याकडे असल्याचे मार्कोनीने सांगितले, पण पेटंट झाले नसल्याने तो दाखवायला तयार झाला नाही. युद्धात ज्याचा संदेश शत्रूची एक ठिणगी पुसून टाकते, असे यंत्र नौदलाने घ्यावे का, हा रास्त प्रश्न होता.

उपाय होता ट्यूनिंग. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो, भलत्या लयीत दिलेले धक्के फुकट जातात. विद्युत मंडलालाही अशी स्वतःची लय असते. पाठवणारा आणि ऐकणारा एकाच लयीवर लावले, तर दुसऱ्या लयीचे सिग्नल आपोआप गळतात. इंग्लंडचे ऑलिव्हर लॉज यांनी याचे पेटंट १८९७ मध्येच मागितले होते. मार्कोनीने पाठवणाऱ्याकडची दोन आणि ऐकणाऱ्याकडची दोन अशी चारही मंडले एका लयीवर आणली. या रचनेचे ब्रिटिश पेटंट १९०० चे, त्याचा क्रमांक ७७७७. चार साते म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी आइल ऑफ वाइट बेटावरून एकाच वेळी एक इंग्रजी आणि एक फ्रेंच संदेश पाठवला गेला, आणि सुमारे ५० किलोमीटरवर पूल इथे एकाच अँटेनाला जोडलेल्या दोन यंत्रांवर दोन्ही वेगवेगळे उमटले.

हेच आजचे चॅनल. रेडिओवर काटा फिरवून स्टेशन लावणे किंवा वायफाय राउटरचा चॅनल बदलणे हे चार सातांचेच वंशज म्हणता येतील.

मार्कोनीचा हा दावा मात्र निर्भेळ नव्हता. त्याच्या कंपनीने पुढे १९११ मध्ये लॉजचे पेटंट विकत घेतले. अमेरिकेत चार सातांच्या जोड पेटंटवरचा खटला इतका लांबला की मार्कोनीच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९४३ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पेटंटचे महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन यांचे काम आधीचे आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. या निकालाने रेडिओचा शोध टेस्लाचा ठरला, असे समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. निकाल तसा नाही. तो ट्यूनिंगच्या रचनेपुरता होता.

सागरापार तीन टिंबे आणि कलकत्त्याचा पारा

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिल टेकडीवर पतंगाला तार बांधून मार्कोनी टेलिफोनचा श्रवणी कानाला लावून बसला होता. पलीकडे, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावर, इंग्लंडच्या पोल्धू स्टेशनातून मोर्सचे एस अक्षर, म्हणजे तीन टिंबे, ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा पाठवले जात होते. ती ऐकू आल्याचे त्याने जाहीर केले आणि जग थक्क झाले. त्या वेळची लहरलांबी आणि दिवसाची वेळ पाहता त्याने खरेच सिग्नल ऐकला की आकाशातली कडकड, याविषयी अभ्यासकांत अजून वाद आहे. काही आठवड्यांनी फिलाडेल्फिया जहाजावर त्याने कागदावर छापील नोंदीसह लांबवरचे सिग्नल पकडून दाखवले, त्यावर मात्र वाद नाही.

त्या दिवशी वापरलेल्या साधनांत पाऱ्याचा एक शोधक होता. तो इटलीच्या नौदलातून आला होता. जगदीशचंद्र बसूंनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या लोखंड-पारा-लोखंड रचनेशी त्याचे ठळक साम्य आहे. बसूंना पेटंटचा तिटकारा होता, मार्कोनीला पेटंटशिवाय चैन नव्हती. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मार्कोनी आणि कार्ल फर्डिनांड ब्राउन यांना विभागून मिळाले.

शर्यतीतला गोंधळ आणि सभागृहातली फजिती

सप्टेंबर-ऑक्टोबर १९०१ मध्ये अमेरिकेस कपची शर्यत पुन्हा आली, तेव्हा समुद्रावर एकटी मार्कोनी कंपनी नव्हती. ली डी फॉरेस्टची यंत्रणा होती आणि तिसरी एक प्रतिस्पर्धी कंपनीही. तिघांनी एकाच वेळी ठिणग्या पाडल्या आणि पहिल्या दोघांच्या वृत्तसंस्थांना हाती लागला तो गोंधळ. तिसऱ्या कंपनीकडे बातम्यांचे कंत्राटच नव्हते. तिने म्हणे नुसत्या लांबच लांब रेघा पाठवून इतरांचे संदेश बुडवले आणि रेघेच्या लांबीवरून कोणती नौका पुढे आहे हे स्वतःच्या लोकांना कळवले. शेवटी कळीवर वजन ठेवून मंडळी निघून गेली, अशीही कथा आहे. ती थोडी रंगवलेली असेल. पण नियम नसलेल्या हवेत एक आडमुठा सगळ्यांना मुके करू शकतो, हे त्या दिवशी अमेरिकेने पाहिले.

लंडनमधली फजिती अधिक बोचरी ठरली. ट्यूनिंगमुळे आपल्या संदेशात कोणी ढवळाढवळ करू शकत नाही, असा मार्कोनीचा जाहीर दावा होता. जून १९०३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात प्राध्यापक फ्लेमिंग हे प्रात्यक्षिक देणार होते आणि मार्कोनी दूर कॉर्नवॉलहून संदेश पाठवणार होता. ठरल्या वेळेच्या थोडे आधीच सभागृहातल्या यंत्रावर उंदीर या अर्थाचा शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला, मग मार्कोनीची टर उडवणारी कविता. जवळच बसवलेल्या साध्या ठिणगीयंत्रावरून हा उद्योग करणारा गृहस्थ होता नेव्हिल मॅस्केलिन, पेशाने जादूगार. धडाका पुरेसा जवळ आणि मोठा असेल तर ट्यूनिंगची भिंत तो फोडतो, हे त्याने हजार शब्दांच्या निबंधाहून चांगले सिद्ध केले. फ्लेमिंग संतापले. मार्कोनीने जाहीर वादात उतरायचे टाळले.

दुसरा दोष यंत्रात नव्हता, तो धंद्यात होता. मार्कोनी कंपनी जहाजांना यंत्र भाड्याने देई, चालवणारा ऑपरेटरही कंपनीचाच. इतर कंपन्यांच्या यंत्रांशी बोलायला या ऑपरेटरांना मनाई होती. त्यातून आंतरराष्ट्रीय तक्रारी झाल्या, १९०३ आणि १९०६ मध्ये बर्लिनला परिषदा झाल्या आणि परस्परांचे संदेश घेणे पुढे बंधनकारक ठरले. एसओएस हा संकटाचा संकेत १९०६ च्याच परिषदेचा.

टायटॅनिकच्या रात्री काय झाले?

टायटॅनिकवरचे दोन्ही ऑपरेटर, जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड, मार्कोनी कंपनीचे नोकर होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री फिलिप्स प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग न्यूफाउंडलंडच्या केप रेस स्टेशनाकडे पाठवत होता. केप रेस दूर, सिग्नल बारीक. अशात शेजारून कॅलिफोर्नियन जहाजाचा ऑपरेटर सिरिल इव्हान्स याने हिमनगांमुळे आपण थांबलो असल्याचे कळवायला सुरुवात केली. जहाज जवळ, त्यामुळे त्याचा सिग्नल फिलिप्सच्या कानठळ्या बसवणारा आणि केप रेसचा बारीक आवाज त्याखाली गाडला गेला. फिलिप्सने त्याला खडसावून गप्प राहायला सांगितले. इव्हान्स थोडा वेळ ऐकत राहिला, मग साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपला. त्याच्या जहाजावर तो एकटाच ऑपरेटर होता. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले.

इथे फिलिप्सला उर्मट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या जागी बसलेल्याला एकच कान होता आणि त्या कानात दोन आवाज एकदम घुसले होते. दूरच्या बारीक आवाजावर जवळचा मोठा आवाज चढतो, ही आजही वायरलेस अभियंत्यांच्या डोकेदुखीची जागा आहे. सातपाटीच्या बोटींवर होते तेच.

सुमारे दीड हजार माणसे गेली. कार्पेथिया जहाजाच्या ऑपरेटरने झोपायच्या तयारीत असतानाही यंत्र कानाला लावून ठेवले होते, म्हणून सातशेहून अधिक वाचली. फिलिप्स शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिला आणि बुडाला, ब्राइड बचावला. मार्कोनीला टायटॅनिकवर फुकट प्रवासाचे आमंत्रण होते, पण तो आधीच लुसिटानियाने न्यूयॉर्कला निघाला होता. वाचलेले लोक त्याला तारणहार म्हणू लागले. त्याच वेळी अमेरिकी सिनेटच्या चौकशीत त्याला प्रश्न विचारले गेले, कारण ब्राइडची हकीकत एका वर्तमानपत्राला विकण्यास त्याने मुभा दिली होती.

दुर्घटनेनंतरच्या तासांत हवेत इतक्या स्टेशनांची गर्दी झाली की तुकडे जुळून भलत्याच बातम्या तयार झाल्या. सगळे प्रवासी सुखरूप असून जहाज ओढून नेले जात आहे, असेही छापून आले. ऑगस्ट १९१२ मध्ये अमेरिकेने रेडिओ परवान्यांचा कायदा केला. त्याच वर्षीच्या लंडन परिषदेच्या नियमांत एक साधी अट होती. बोलायला सुरुवात करण्याआधी आपले यंत्र जास्तीत जास्त संवेदनशील करून कोणी बोलत नाही ना, ते ऐका, आणि बोलत असेल तर थांबा. आज प्रत्येक वायफाय फोन सेकंदाला असंख्य वेळा पाळतो तो नियम हाच.

पुढे जहाजांच्या ५०० किलोहर्ट्झ या संकट-चॅनलवर दर तासाला दोनदा तीन-तीन मिनिटांची सक्तीची शांतता आली. १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत सगळ्यांनी फक्त ऐकायचे. जहाजांच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळावर ते दोन तुकडे लाल रंगाने रंगवलेले असत.

खडकी बोलणार, दौंड ऐकणार

१९१२ हे वर्ष मार्कोनीला अनेक अर्थांनी जड गेले. साम्राज्यभर वायरलेस स्टेशनांची साखळी उभारण्याचे कंत्राट त्याच्या कंपनीला मिळाले, भारतातले एक स्टेशन त्यात होते. पण ब्रिटिश मंत्र्यांनी अमेरिकी मार्कोनी कंपनीचे शेअर घेतल्याचे उघड झाले आणि मोठे प्रकरण झाले. त्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला. पाठोपाठ महायुद्ध आले आणि साखळी रखडली.

तोवर सगळ्यांचा समज असा होता की दूर जायचे तर लहर लांब हवी, अँटेना अवाढव्य हवा आणि वीज शेकडो किलोवॉट हवी. १९१९ मध्ये घेतलेल्या इलेट्रा या आपल्या नौकेवर मार्कोनीने तरंगती प्रयोगशाळा थाटली होती. १९२३ मध्ये त्याचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन पोल्धूहून लघुलहरी एका दिशेने झोत टाकल्यासारख्या पाठवत होता आणि मार्कोनी केप व्हर्डे बेटांपर्यंत जाऊन त्या ऐकत होता. थोड्या विजेत त्या फार दूर, फार स्पष्ट जात होत्या. जुने सारे गणित चुकले होते. जी लांबलहरींची साखळी विकायला त्याने उमेदीची वर्षे घालवली, तीच मोडीत काढा असे सांगायला पन्नाशीच्या माणसाला हिंमत लागते. मार्कोनीची ही बाजू चरित्रांत कमी येते.

१९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने बीम पद्धतीला मान्यता दिली. इंग्लंडहून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत अशा चार दिशांना झोत टाकायचे ठरले. १९२७ मध्ये भारताची सेवा सुरू झाली, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन होते. इंग्लंडमध्ये ग्रिम्सबीला प्रक्षेपण आणि स्केगनेसला ग्रहण. भारतात खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण.

दोन्ही एका जागी का नाहीत? खडकीचे प्रक्षेपक किलोवॉटच्या भाषेत बोलत होते. इंग्लंडहून सात हजार किलोमीटर ओलांडून येणारा सिग्नल त्यापुढे नगण्य. दोघे एका आवारात असते, तर ढोलपथकाच्या मध्ये उभे राहून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखे झाले असते. पुण्याहून रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटरवरच्या दौंडच्या माळावर खडकीचा आवाज पुरेसा मंदावलेला असे. शिवाय येण्याच्या आणि जाण्याच्या लहरी वेगळ्या, आणि अँटेनांची तोंडे ठरलेल्या दिशेला. त्यामुळे मुंबईच्या तारकचेरीशी तारेने जोडलेली ही जोडी एकाच वेळी बोलूही शकत होती आणि ऐकूही. बटण दाबा-सोडा यातून सुटका.

बीमने समुद्राखालच्या तारांचे दर आणि नफा इतका हादरवला की १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये तार आणि वायरलेस कंपन्यांचे एकत्रीकरण करावे लागले. भारतातही १९३२ मध्ये तसेच झाले. १ जानेवारी १९४७ ला ही सेवा सरकारकडे आली, १९८६ मध्ये तिची विदेश संचार निगम झाली.

आजची वायफाय टक्कर कशी ओळखते?

प्रत्येक घरासाठी खडकी आणि दौंड बांधता येत नाही. बोईसरच्या फ्लॅटमधल्या राउटरला एकाच डब्यातून बोलायचे आणि ऐकायचे असते. त्याचा प्रक्षेपक १०० मिलिवॉटच्या आसपास आणि खोलीपलीकडून येणारा फोनचा सिग्नल त्याच्या शंभर कोटीव्या भागाएवढाही असू शकतो. बोलता बोलता टक्कर ऐकणे त्यामुळे त्याला जमत नाही. तारेवरच्या इथरनेटने १९७३ पासून ते जमवले होते, कारण तारेवर सगळ्यांचे आवाज साधारण सारखेच मोठे.

हवेतला मार्ग हवाई बेटांवर सापडला. १९७१ मध्ये तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी अलोहानेट सुरू केले. खडकी-दौंडप्रमाणेच जाण्याची आणि येण्याची लहर वेगळी. पण जाण्याच्या एकाच लहरीवर अनेक बेटांवरचे संगणक वाटेल तेव्हा बोलत. पावती आली नाही तर टक्कर झाली असे समजायचे आणि कितीही, पण प्रत्येकाने वेगळा, वेळ थांबून पुन्हा पाठवायचे. असे केल्यास चॅनलच्या कमाल १८ टक्केच वेळाचा उपयोग होतो, हे गणिताने निघाले. सगळ्यांनी घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्यावरच सुरुवात केली तर ते ३७ टक्क्यांपर्यंत जाते.

वायफायने यात १९१२ चा नियम मिसळला. आधी ऐकायचे. हवा मोकळी दिसली तरी लगेच बोलायचे नाही. मनात एक आकडा धरायचा, समजा ० ते १५ मधला, आणि तेवढे क्षण मोजायचे. हे क्षण सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढे असतात. मध्येच कोणी बोलू लागले तर मोजणी थांबवायची. बोलून झाल्यावर पावतीची वाट पाहायची. नाही आली तर आता ० ते ३१ मधला आकडा, मग ० ते ६३, असे वाढवत जायचे. शेजारी जितके जास्त, तितकी ही मोजणी लांबते. रात्री नऊला वायफाय रडते ते बऱ्याचदा या वाट पाहण्यामुळे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सगळ्या मजल्यांनी ६ लावला असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जाणे बरे.

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लांबलचक शेडमध्ये ऐकण्याचा नियमही फसू शकतो. दोन टोकांना दोन हँडस्कॅनर, मध्ये राउटर. दोघांनाही राउटर ऐकू येतो, पण पोलादी यंत्रांमुळे एकमेकांचा आवाज येत नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही बोलतात आणि राउटरपाशी टक्कर होते. यावर उपाय म्हणजे आधी छोटीशी परवानगी मागणे. राउटर परवानगी देतो ती दोघांनाही ऐकू येते, आणि ज्याला मिळाली नाही तो गप्प बसतो.

मोबाइल टॉवरची तऱ्हा थोडी निराळी. ४जी मध्ये फोन पहिली हाक मारताना ६४ ठरलेल्या खुणांपैकी एक निवडतो. बोईसर स्थानकात दोन फोनांनी एकच खूण निवडली, तर टॉवर उत्तर देताना ज्याची ओळख त्याला नीट वाचता आली त्याचीच परत पाठवतो. दुसऱ्याला आपली ओळख दिसत नाही. आपण हरलो हे त्याला कळते आणि तो थोडा थांबून पुन्हा हाक मारतो.

शेवटची वर्षे

मार्कोनीचा उत्तरार्ध अवघड आहे. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला. मुसोलिनीने त्याला राष्ट्रीय संशोधन परिषदेचे आणि १९३० पासून इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्षपद दिले. त्याच्या कारकिर्दीत या अकादमीत एकाही ज्यू विद्वानाला घेतले गेले नाही, हे पुढे कागदपत्रांतून समोर आले. वायरलेसमुळे देश जवळ येतील असे बोलणारा माणूस त्याच रेडिओवर हुकूमशाहीचा प्रचार चाललेला पाहत होता आणि पदावर कायम होता.

पहिली पत्नी बिॲट्रिस ओब्रायन हिच्याशी १९२४ मध्ये घटस्फोट झाला होता. १९२७ मध्ये, खडकी-दौंड सुरू झाले त्याच वर्षी, त्याने मारिया क्रिस्तिना बेझ्झी-स्काली हिच्याशी लग्न केले. त्यांच्या मुलीचे नाव नौकेवरून इलेट्रा ठेवले. हृदयविकाराने तो थकत गेला, तरी आणखी आखूड लहरींचे प्रयोग इलेट्रावर चालूच होते.

२० जुलै १९३७ च्या पहाटे रोममध्ये त्याचे निधन झाले. तो ६३ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्काराच्या वेळी ब्रिटनमध्ये बीबीसीने आणि टपाल खात्याच्या वायरलेस केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले. त्या दोन मिनिटांत तिथून कोणीही बोलले नाही.